हसण्यावारी नेलेली गोष्ट

अमेरिकन लोकगायक वुडी गथ्रीचं नाव निघालं की आपल्याकडे लोक पहिल्यांदा त्याच्या गिटारबद्दल बोलतात, ज्याच्यावर त्याने 'हे यंत्र फॅसिस्टांना मारतं' असं लिहून ठेवलं होतं. मग दुष्काळ, धुळीची वादळं, घरदार गाडीवर टाकून कॅलिफोर्नियाला निघालेले शेतकरी, आणि अमेरिकेतल्या शाळांमधून पोरं जवळजवळ राष्ट्रगीतासारखं म्हणतात ते 'ही भूमी तुझी आहे' वालं गाणं. हे सगळं खरंच आहे, मलाही तो आधी असाच कळला. पण त्याच्या मागोमाग एक वाक्य हमखास येतं, की लहानपणी गावात अन्याय बघितला म्हणून तो गोरगरिबांचा गायक झाला, आणि माझं भांडण आहे ते ह्या वाक्याशी. अन्याय बघून माणूस आपोआप शहाणा होत असता तर त्याच्या गावच्या पुलावर जी पोरंसोरं उभी होती ती सगळी मोठी होऊन बोलली असती. तसं झालं नाही. बोलला तो एकच, आणि तोही ती घटना घडली तेव्हा जन्मलेला नव्हता.

तो पूल काय होता ते आधी सांगतो.

ओकलाहोमा राज्यात ओकफस्की नावाची काउंटी आहे, म्हणजे आपला तालुका-जिल्हा जे काय म्हणाल ते, आणि तिथलं मुख्य गाव ओकीमा, हेच वुडीचं गाव. मुळात ही सगळी क्रीक आदिवासींची जमीन. ओकलाहोमा राज्य झालं १९०७ साली आणि त्याच्या सिनेटचं पहिलंच बिल काय होतं तर रेल्वेत काळ्यांनी वेगळ्या डब्यात बसायचं. १९१० साली राज्यघटनाच बदलली आणि काळ्यांचं मतदान जवळपास बंद करून टाकलं, म्हणजे वाचता-लिहिता येतं का याची परीक्षा, पण ज्याच्या आजोबाला १८६६ च्या आधी मतदानाचा हक्क होता त्याला परीक्षा माफ. १८६६ च्या आधी कुठल्या काळ्या माणसाच्या आजोबाला मत होतं? बरं त्याच काउंटीत, ओकीमापासून काही मैलांवर, बोली नावाचं गाव काळ्या लोकांनी स्वतः वसवलं होतं, १९०३ साली, त्यांची स्वतःची बँक, स्वतःची शाळा, स्वतःची दुकानं. हे लक्षात ठेवायला पाहिजे, कारण शेजारचा माणूस लाचार आहे तोवर त्याच्यावर दया करायला सोपं जातं, तो स्वतःच्या पायावर उभा राहिला की पोटात दुखायला लागतं. हे आपल्याला कुणी वेगळं समजावून सांगायला नको.

१९११ च्या मे महिन्याच्या सुरुवातीला जॉर्ज लोनी नावाचा डेप्युटी शेरीफ काही माणसं घेऊन चोरलेल्या गाईच्या तपासाला नेल्सन नावाच्या काळ्या कुटुंबाच्या घरी गेला. घरात बंदुकीवरून गोंधळ झाला, गोळी सुटली, लोनी मेला. नवरा ऑस्टिन नेल्सन याने गाय चोरल्याचं कबूल केलं, त्याला दूरच्या तुरुंगात पाठवलं आणि त्याच्यामुळेच तो वाचला. बायको लॉरा आणि मुलगा एल. डी., चौदा-पंधरा वर्षांचा पोरगा, हे दोघं खटल्याची वाट बघत ओकीमाला होते. पोराला वाचवायला गोळी मीच झाडली असं लॉराने सांगितलं होतं. २४ मेच्या रात्री बाराच्या सुमारास चाळीसेक माणसं आली, पहारेकऱ्याला बंदूक दाखवून बांधून टाकलं, आणि दोघांना घेऊन गेली. लॉरावर आधी बलात्कार झाला असं 'द क्रायसिस' या काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या मासिकाने त्याच वर्षी छापलं. सकाळी नॉर्थ कॅनेडियन नदीवरच्या पुलाला मायलेक लटकलेले सापडले.

आणि मग गाव बघायला गेलं.

तो फोटो आहे. ओकीमात फार्नम नावाचा एक फोटोग्राफर होता, त्याने होडीतून नदीत जाऊन काढलेला. मी तो पहिल्यांदा बघितला तेव्हा माझी नजर वरच गेली नाही, खाली लटकलेल्या दोघांवरच अडकली, आणि मग बऱ्याच वेळाने वर पुलाकडे गेली. पुलाच्या कठड्याला लागून या टोकापासून त्या टोकापर्यंत माणसं उभी आहेत. कुणीतरी ती मोजलीयत, ३५ पुरुष, ६ बायका, १७ मुलं. सगळे होडीच्या दिशेने बघतायत म्हणजे कॅमेऱ्याकडे बघतायत, लग्नाच्या ग्रुप फोटोत कसं सगळे बरोबर अंतर ठेवून उभे राहतात तसे. कुणीही तोंड लपवलेलं नाही. आपल्याला काही होईल अशी भीती ज्याला असते तो तोंड लपवतो, आणि ह्यांना ती नव्हतीच. फोटोग्राफरने खाली स्वतःचं नाव, गाव आणि कॉपीराइट टाकलाय, कारण ह्या फोटोची पोस्टकार्डं निघाली आणि विकली गेली. आपण गणपतीपुळ्याला गेलो की पूर्वी पोस्टकार्ड घ्यायचो ना, तशी.

त्याच्या दुसऱ्या रात्री ओकीमात अफवा उठली की बोलीचे लोक बदला घ्यायला चाल करून येतायत. बायकापोरांना गावाबाहेर शेतात पाठवलं, पुरुष मंडळी बंदुका घेऊन मेन रोडवर पहारा देत बसली. कुणीही आलं नाही. पुढे जजने ज्युरी बसवली, चौकशी करायला सांगितली, आणि सांगताना काय म्हणाला तर आपण श्रेष्ठ वंशाचे आहोत म्हणून ह्या दुबळ्या वंशाला बेकायदा हल्ल्यांपासून वाचवणं हे आपलं कर्तव्य आहे. म्हणजे जो न्याय करायला बसला होता त्याच्याही डोक्यात तेच होतं जे पुलावरच्यांच्या डोक्यात होतं, फक्त भाषा सभ्य. एकाही माणसावर आरोप ठेवला गेला नाही.

वुडी गथ्री जन्मला १४ जुलै १९१२ ला, म्हणजे त्या पुलानंतर चौदा महिन्यांनी. वडील चार्ली गथ्री, जमिनीच्या खरेदी-विक्रीतला माणूस, डेमोक्रॅटिक पक्षाचा गावपुढारी, एकेकाळचा कोर्टाचा निवडून आलेला क्लार्क, समाजवाद्यांच्या विरोधात स्थानिक पेपरात हिरीरीने लिहिणारा. मुलाचं नाव ठेवलं ते सुद्धा दोन आठवड्यांपूर्वी राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मिळालेल्या वुड्रो विल्सनवरून. असा कर्ता, बोलका, गावात वजन असलेला माणूस. आपल्याकडे प्रत्येक गावात एक असतो.

वुडीचं चरित्र लिहिणाऱ्या जो क्लाइनने १९७० च्या दशकात चार्लीच्या भावाची, क्लॉडची, मुलाखत टेप केली. त्यात क्लॉड त्या रात्रीची गोष्ट सांगतो आणि चार्ली त्याच्यात होता असं सांगतो. कोर्टात टिकेल असा पुरावा नाही, कुणाच्या सहीचा कागद नाही, साठ-पासष्ट वर्षांनंतरचं एका भावाचं बोलणं आहे, त्यामुळे चार्लीने दोरी ओढली असं मी म्हणणार नाही. मला त्याच्यापेक्षा दुसरीच गोष्ट लागते. क्लॉड ती गोष्ट सांगताना हसतो. लिहून काढलेल्या मुलाखतीत कंसात 'हसतो' असं आलंय. एक बाई आणि तिचा मुलगा पुलाला टांगले, आणि हे सांगताना म्हातारा माणूस खुदकन हसतो, जसं आपण भावंडांच्या लहानपणच्या खोड्या सांगताना हसतो.

ते हसणं मला ओळखीचं आहे. माझ्या आजोबांचे एक चुलतभाऊ होते, आम्ही त्यांना अण्णाआजोबा म्हणायचो, उन्हाळ्याच्या सुट्टीत गावाला गेलो की रात्री ओट्यावर त्यांच्या गोष्टी चालायच्या. त्यातली एक वस्तीवरच्या लोकांची असायची. स्वातंत्र्य मिळाल्यानंतर काही वर्षांनी वस्तीवरची चार-पाच माणसं घागरी घेऊन गावच्या विहिरीवर आली, आणि मग आमच्या आळीतल्या पोरांनी काठ्या घेऊन त्यांना कसं पळवलं. गोष्टीचा शेवट एका माणसाच्या चपलेवर व्हायचा. तो बाभळीच्या रानातून असा पळाला असा पळाला की एक चप्पल विहिरीपाशीच राहिली, आणि ती चप्पल म्हणे पुढे कितीतरी दिवस चावडीच्या खांबाला टांगलेली होती. इथे सगळा ओटा हसायचा. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. मीही हसायचो. दरवर्षी ती गोष्ट सांगा म्हणून मीच अण्णाआजोबांच्या मागे लागायचो, हे मला आज लिहिताना जड जातंय पण ते तसंच होतं.

म्हणून मी म्हणतो की गावातल्या हिंसेने वुडीला घडवलं हे जितकं खरं आहे तितकंच हेही खरं आहे की तिने त्याला आधी बिघडवलं होतं. हिंसा पुढच्या पिढीकडे रक्त लागलेल्या हाताने येत नाही. ती जेवणानंतरच्या गप्पांमधून येते, मजेची गोष्ट म्हणून येते, पोस्टकार्ड म्हणून येते. आणि वुडी पंचवीस वर्षांचा होईपर्यंत ह्याच गावाचा मुलगा होता. १९३७ साली तो लॉस एंजेलिसच्या के. एफ. व्ही. डी. नावाच्या रेडिओ स्टेशनवर गायचा, कार्यक्रम लोकप्रिय होता, ओकलाहोमाहून आलेले कष्टकरी कान लावून ऐकायचे. त्याच काळात समुद्रकिनाऱ्यावर आलेल्या काळ्या लोकांची टर उडवणारं, त्यांच्या बोलण्याची नक्कल करणारं काहीबाही त्याने लिहिलंय. आणि ऑक्टोबरमध्ये एक दिवस त्याने रेडिओवर एक जुनं गाणं म्हटलं ज्याच्या नावातच काळ्यांसाठीची ती शिवी होती. गाण्याचा विषय काय, तर पळणारा काळा माणूस. त्याला काही चुकतंय असं वाटलंच नव्हतं. लहानपणापासून ऐकलेलं गाणं होतं ते.

एका श्रोत्याचं पत्र आलं. मी काळा आहे, कॉलेजात शिकतो, तुम्ही जे बोललात त्याचा मला संताप आला, आणि ज्याला थोडीफार अक्कल आहे असा कुठलाही माणूस आजकाल रेडिओवर हा शब्द वापरत नाही, अशा अर्थाचं. साधं, सरळ, छोटं पत्र. वुडीने ते पत्र कार्यक्रमात वाचून दाखवलं, माफी मागितली आणि आपल्या वहीतली तसली गाणी फाडून टाकली.

मला ह्या पत्रावर थांबायचंय कारण वुडीवर लिहिणारे लोक इथून भराभर पुढे निघून जातात, बघा त्याने किती मोठ्या मनाने माफी मागितली म्हणतात आणि मग न्यूयॉर्क. मोठं मन होतंच, मी नाकारत नाही, आजच्या काळात एखादा सेलिब्रिटी चार ओळींची माफी मागताना सुद्धा 'कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर' म्हणतो, त्या मानाने हे खूपच सरळ होतं. पण काम कुणी केलं ते बघा. पत्र लिहायला बसला तो कॉलेजमधला पोरगा. तो गोरा रेडिओवाला उलट उत्तर देईल, हसेल, पत्राची टिंगल करेल, ही शक्यता त्याने धरलीच असणार, आणि तरी त्याने वेळ काढला, शाई खर्च केली, पोस्टाचं तिकीट लावलं. वुडी गथ्रीच्या सगळ्या वर्णद्वेषविरोधी गाण्यांच्या मुळाशी ओकीमाचा पूल आहे असं आपण म्हणतो, पण पुलाकडे वळून बघायची नजर त्याला ह्या पत्राने दिली. जखम त्याच्या गावाने केली होती दुसऱ्यांना, आणि ती जखम आहे हे त्याला सांगावं लागलं त्या दुसऱ्यांपैकीच एकाला. हे न्याय्य नाही. पण कला अशीच घडली, आणि ते श्रेय त्याचं त्याला मिळायला पाहिजे.

१९४० च्या फेब्रुवारीत तो न्यूयॉर्कला आला. २३ तारखेला एका स्वस्तातल्या हॉटेलात बसून 'ही भूमी' लिहिलं. आणि त्याच महिन्याच्या शेवटी, म्हणजे आठवड्याभराच्या आत, सरकफाशीवर एक गाणं लिहिलं, आणि कागदाच्या खाली अर्पणपत्रिका लिहिली, ओकीमाजवळ कॅनेडियन नदीच्या पुलाखाली टांगलेल्या काळ्या आयांना, बापांना आणि मुलांना, आणि असं पुन्हा होणार नाही त्या दिवसाला. ही दोन गाणी मी एकमेकांशेजारी ठेवतो. एक जगभर गेलं, दुसरं फार थोड्यांना माहीत आहे. पण पहिलं ऐकताना मला आता दुसरं ऐकू आल्याशिवाय राहत नाही, कारण भूमी तुझी-माझी म्हणताना त्याच्या डोक्यात ती नदी, तो पूल, ते गाव होतंच, आठवड्याभरात कागदावर आलं ते काय आकाशातून पडलं? भूमी सगळ्यांची आहे हे वाक्य त्याच्यासाठी अभिमानाचं नव्हतं, मागणीचं होतं. ह्या गाण्यातल्या खाजगी मालकीच्या पाटीवरच्या आणि मदतीसाठी रांगेत उभ्या भुकेल्या माणसांवरच्या ओळी पुढे शाळांमधून गळूनच गेल्या, तेव्हा मागणी गेली आणि नुसता अभिमान उरला.

न्यूयॉर्कमध्ये तो लेडबेलीच्या घरी राहिला. लेडबेली म्हणजे ह्यूडी लेडबेटर, लुइझियानाचा काळा गायक, बारा तारांची गिटार वाजवणारा, तुरुंगात वर्षं काढलेला. त्या छोट्या घरात वुडी कित्येक दिवस झोपला, जेवला, गाणी शिकला. मग सॉनी टेरी, ब्राउनी मॅगी हे दुसरे काळे गायक-वादक. ज्यांच्याबद्दल घरी फक्त गोष्टी ऐकल्या होत्या त्यांच्या हातचं खाणं आणि त्यांच्या बरोबरीने बसून गाणं, याचा परिणाम कुठल्याही पुस्तकाने होणार नाही इतका होतो. आपल्याकडे सहभोजनाचा एवढा आग्रह सुधारकांनी का धरला होता ते इथे कळतं.

आणि मग ते गाणं, ज्यात तो स्वतः ओकीमाच्या अंधाऱ्या रस्त्याने चाललाय, जुन्या तुरुंगापाशी येतो आणि आतून एका बाईचा आक्रोश ऐकतो. ती म्हणते माझी मान त्या पुलाला ताणा पण माझ्या तान्ह्याला आणि माझ्या मुलाला मारू नका. तुम्ही हे गाणं एकदा शांतपणे ऐका. वुडी तेव्हा जन्मलेलाच नव्हता हे आपल्याला माहीत आहे, त्यालाही माहीत होतं, पण गाण्यात तो स्वतःला त्या रस्त्यावर आणून उभा करतो. तपशीलही बदललेत, कधी दोन मुलं, कधी तान्हं मूल. काही अभ्यासकांना हे खटकतं, आणि काहींचा आक्षेप त्याहून मोठा आहे की गोऱ्या माणसाने काळ्या आईचा आवाज का काढावा, तिचं दुःख उसनं का घ्यावं.

आक्षेप पोकळ नाही. आपल्याकडे दलित साहित्याने हाच प्रश्न पन्नास वर्षांपूर्वी विचारला, की आमचं भोगणं तुम्ही काय लिहिणार, आणि तो विचारला म्हणूनच आपलं साहित्य पुढे गेलं. पण वुडीच्या गाण्यात मला उसनवारीपेक्षा वेगळं काहीतरी दिसतं. घरात त्याने ही गोष्ट पुलावर उभं राहून ऐकली होती, म्हणजे सांगणाऱ्यांची जागा पुलावरची होती, फोटोतल्या त्या ५८ जणांची. गाण्यात त्याने स्वतःची जागा बदलली. पुलावरून उतरून तुरुंगाच्या खिडकीखाली आला. तिथून जे ऐकू आलं ते पहिल्यांदा हसण्यासारखं नव्हतं. एवढं साधं काम आहे, आणि त्याच्या गावातल्या दुसऱ्या कुणाला ते जमलं नव्हतं.

माझी खरी तक्रार निराळी आहे. त्या गाण्यांमध्ये आई आहे, मुलगा आहे, दोरी आहे, नदी आहे, झुंड आहे, पण झुंडीत वडील नाहीत. चार्ली गथ्री नाही. जमीनदार, सावकार, पोलिस, पुढारी, सगळ्यांना नावं घेऊन सोलणारा हा गायक, त्या रात्री दोरी धरणाऱ्यांमध्ये माझ्या घरातलं कोण होतं ह्या प्रश्नापाशी येतो आणि गप्प होतो. वडिलांवर त्याचं प्रेम होतं, घराची पुढे पुरती वाताहत झाली होती, बहीण जळून गेलेली, आई हंटिंग्टनच्या आजाराने वेड्यांच्या इस्पितळात, वडील स्वतः भाजलेले आणि कफल्लक, अशा बापाला गाण्यात आरोपी करणं कुणाला जमेल? मला जमलं नसतं. तरीही ती जागा रिकामी आहे हे म्हणायला पाहिजे, कारण ती रिकामी जागा त्याच्या पुढच्या सगळ्या लिखाणाला ढकलत राहिली असं मला वाटतं. जे घरात म्हणता आलं नाही ते तो बाहेर, जिथे जिथे दिसलं तिथे तिथे म्हणत सुटला.

१९४६ बघा. फेब्रुवारीत आयझॅक वुडार्ड नावाचा काळा सार्जंट महायुद्धातून सुटून युनिफॉर्मवर बसने घरी चालला होता, साउथ कॅरोलिनात पोलिसप्रमुखाने त्याला इतकं मारलं की त्याचे दोन्ही डोळे कायमचे गेले. त्या पोलिसाला पुढे सगळ्या गोऱ्यांच्या ज्युरीने अर्ध्या तासाच्या आसपास सोडून दिलं. ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या लुइसोन स्टेडियममध्ये वुडार्डच्या मदतीसाठी कार्यक्रम झाला, वीस हजारांवर लोक, बहुतेक काळे, आणि वुडी शेवटाकडे उठला आणि त्याच घटनेवर केलेलं लांबलचक गाणं म्हणाला, वुडार्डच्याच तोंडून. आयुष्यात सगळ्यात मोठ्या टाळ्या तिथे मिळाल्या असं तो पुढे सांगायचा. त्याच फेब्रुवारीत लाँग आयलंडवर फर्ग्युसन भावांना पोलिसाने गोळ्या घातल्या, त्याच्यावरही गाणं. त्याच्या आधी युद्धात जहाजावर असताना पाणबुड्यांच्या हल्ल्याच्या भीतीने सैनिक जीव मुठीत धरून बसलेले, वुडी गायला गेला तर काळे सैनिक वेगळ्या जागी बसवलेले, ते आल्याशिवाय गाणार नाही म्हणून अडून बसला, असं त्याच्याबरोबर असलेला जिम लाँगी सांगतो. १९४९ ला पीकस्किलला पॉल रोबसन ह्या काळ्या गायकाच्या कार्यक्रमाहून परतताना जमावाने गाड्यांवर दगडांचा पाऊस पाडला, वुडी त्यातल्या एका बसमध्ये होता, काचा अंगावर येऊ नयेत म्हणून खिडकीला शर्ट लावत होता. त्यानंतर पीकस्किलवर त्याने एकामागून एक वीसेक गाणी लिहिली. वीस! एका घटनेवर. ज्याने लहानपणी पोस्टकार्डात बाहेरून झुंड बघितली होती त्याने त्या दिवशी ती आतून, काचेच्या ह्या बाजूने बघितली.

आणि मग १९५० च्या डिसेंबरमध्ये तो ब्रुकलिनमध्ये बीच हेवन नावाच्या नव्या कोऱ्या वसाहतीत भाड्याने राहायला गेला. घरमालक फ्रेड ट्रम्प, सध्या जगाला माहीत असलेल्या ट्रम्पचे वडील. सरकारी मदतीच्या योजनेतून बांधलेली घरं, आणि सगळे भाडेकरू गोरे. वुडीने वहीत लिहून ठेवलं की ह्या म्हाताऱ्या ट्रम्पने माणसांच्या मनात केवढा वंशद्वेष ढवळून काढलाय. ते कागद टल्सामधल्या संग्रहात विल कॉफमन ह्या अभ्यासकाला सापडले आणि २०१६ साली लोकांसमोर आले. ट्रम्पच्या कंपनीवर काळ्यांना घरं नाकारल्याचा खटला अमेरिकन सरकारने १९७३ ला भरला, तेव्हा वुडी जाऊन सहा वर्षं झाली होती. इथे ना दोरी होती ना झुंड, फक्त एक भाडेकरार. तरी त्याला वास आला. हे मला त्याच्या सगळ्या गाण्यांपेक्षा मोठं वाटतं, कारण पुलावर लटकलेली बाई बघून कुणालाही भयंकर वाटेल, पण शेजारी कुणीच काळं कसं नाही हा प्रश्न नवीन फ्लॅटची चावी हातात असताना पडणं, त्याला फार जागं असावं लागतं. मुंबई-पुण्यात आडनाव विचारून घर नाकारलेल्या कितीतरी मित्रांच्या हकिगती मी ऐकल्यात, आणि ज्यांना घर मिळालं त्यांच्यापैकी, माझ्यासकट, कुणी ह्याच्यावर एक ओळही लिहिलेली नाही.

आपला आणि ह्या गोष्टीचा संबंध तसा जुना आहे. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केलं ते काळ्या गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. १९७२ ला दलित पँथरने नाव घेतलं ते ब्लॅक पँथरवरून. गाण्याच्या बाबतीत तर आपली शाहिरी कुणाला हार जाणार नाही, अण्णा भाऊ साठे आहेत, वामनदादा कर्डक आहेत, आणि ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिस गोळीबारात दहा माणसं मेली तेव्हा ते सहन न होऊन जीव देणारे शाहीर विलास घोगरे आहेत. ज्यांच्यावर घाव पडला ते आपल्याकडे पिढ्यानपिढ्या गातायत.

दुसऱ्या बाजूचं गाणं कुठे आहे? काठ्या घेऊन धावलेल्यांच्या पोरांचं, नातवांचं. खैरलांजी झालं २००६ साली, तिथे बघत उभं राहिलेलं गाव होतं ना, त्या गावाच्या आळीतून एखादा मुलगा वीस वर्षांत उठला आणि म्हणाला का की माझ्या घरात ही गोष्ट अशी अशी सांगतात? बहिष्कार, जाळलेल्या झोपड्या, वरातीवरून झालेल्या मारामाऱ्या, ह्या प्रत्येक घटनेला दोन बाजूंची घरं असतात, आणि एका बाजूच्या घरांतून आपल्याला कविता, आत्मकथनं, जलसे मिळाले, दुसऱ्या बाजूच्या घरांतून मिळाली शांतता नाही तर ओट्यावरची हसण्याची गोष्ट. आपण उच्चजातीय लेखक-गायक फार तर दलितांच्या दुःखावर सहानुभूतीने लिहितो, म्हणजे पुन्हा त्यांच्याच घराचं वर्णन. आपल्या घराचं वर्णन करा ना. वुडीने अर्धंच केलं, बापाचं नाव गिळलं, पण अर्धं तरी केलं, आणि त्या अर्ध्यावर सुद्धा त्याचं गाव कितीतरी वर्षं त्याच्यावर रुसलेलं होतं. वर म्हणे तो कम्युनिस्ट. आता ओकीमात पाण्याच्या टाकीवर 'वुडी गथ्रीचं गाव' असं लिहिलंय आणि १९९८ पासून त्याच्या नावाने दर जुलैत महोत्सव भरतो. चांगलंच आहे. पण टाकीवर नाव लिहायला लागतो तो रंग, आणि नेल्सन मायलेकांसाठी लागलं असतं ते आरोपपत्र, ते आता कधीच होणार नाही.

'हे सगळं उकरून काढून काय मिळणार, जे झालं ते झालं' असं म्हणणारे भेटतात. मीही म्हणायचो. अण्णाआजोबा गेले त्याला बरीच वर्षं झाली, काठ्या घेऊन धावलेल्यांपैकी आज कुणीही नाही. पण गोष्ट आहे अजून, मागच्या मे महिन्यात माझ्या चुलतभावाने ती त्याच्या मुलांना सांगितली, चपलेसकट, आणि पोरं हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वस्तीवर गेलो. आधी कधी असा मुद्दाम गेलो नव्हतो. एका आजींना विचारलं, असं असं काही झालं होतं का हो. त्यांनी बराच वेळ माझ्याकडे बघितलं, कुणाचा तू म्हणून विचारलं, मी सांगितलं. मग म्हणाल्या, झालं व्हतं की, माझा दीरच व्हता त्यो. पायात काटे भरले त्याच्या, दोन महिने चालता येत नव्हतं, मग मुंबईला गिरणीत गेला तो परत गावात आलाच नाही. मी चपलेचं विचारलं. पळताना पायातून निसटली म्हणतात ती. आजी म्हणाल्या, पायातून कशानं निसटंल बाळा, तुमच्या आळीतनं जायचं म्हणजे चपला काढून हातात घ्याया लागायच्या, त्या हातातच व्हत्या, त्यातली एक पडली.